दाजींच्या रक्तवाहिन्यांची मोजणी

स्कॅनला पेशंटसोबत एकाच नातेवाइकाने यावे, असे हॉस्पिटलने फोनवर सांगितले. पेशंट म्हणजे माझे बाबा, गावाचे दाजी; त्यांनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली.

यात थोडा दोष माझा. मी त्यांची मुलगी, नाव पूर्वी; घरात डॉक्टरांचे मराठी मराठीत समजावून सांगण्याचे काम करते. मी म्हटले, "बाबा, नवी किडनी ओटीपोटात बसवतात. तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीला ती शिवतात. डायलिसिसवाल्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, चुन्यासारखं. चुना असेल तिथं टाका बसत नाही. मऊ जागा कुठं आहे ते मशीन बघणार."

"म्हंजे मोजनी," बाबा म्हणाले.

"म्हणजे स्कॅन."

"जागा किती हाय ते बघनार का नाय?"

"बघणार."

"नकाशा निघनार?"

"निघणार."

"मंग मोजनीच की गो. लगतदारांना बोलाव."

आमचे गाव उलव्याला लागून. आमची मिठागरे आणि खाचरे विमानतळाने घेतली, पण मोजणीची सवय तेवढी आमच्याकडे राहिली. मोजणीच्या वेळी शेजारचे जमीनवाले, म्हणजे लगतदार, हजर नसतील तर ती मोजणी आमच्यात कुणी मानत नाही. मी बोबडे बोलत असताना 'शुभं करोति'च्या आधी 'आमची हरकत आहे' म्हणायला शिकले. पाहुणे कौतुकाने म्हणायला लावायचे.

तसे सगळे जुळून आले होते. किडनी आई देणार होती. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या. लग्नाच्या वेळी पत्रिकासुद्धा इतकी जुळली नव्हती. उरला होता तो हा स्कॅन. सर्जन डॉक्टर मनस्वी स्वच्छ म्हणाल्या होत्या, "टाका घालायला जागाच नसेल, तर ऑपरेशन करता येणार नाही." बाबा त्यावर मोठ्याने हसले. मग जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला, आणि खाली पोहोचल्यावरही सोडला नाही.

लगतदारांत मुख्य कृष्णकांतकाका. बाबांचे चुलतभाऊ. दोघांच्या शेतांमधल्या बांधावरून त्यांचे बोलणे बंद. तो बांध आता धावपट्टीखाली आहे. त्यावरून विमान जाऊ शकते, शब्द जाऊ शकत नाही. पण मोजणी म्हटल्यावर काका इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी ट्रॅव्हलरमध्ये बसले होते.

पनवेलच्या हॉस्पिटलात मशीन चालवणारा प्रदीप म्हणाला, "आत एकच जण येणार. तोही पेशंट."

"हरकत नाय," बाबा म्हणाले, आणि मंडळींना खोलीच्या बाहेरून चारी भिंतींना उभे केले. उत्तरेस पळस्प्याचा मामा. दक्षिणेस, पाण्याच्या कूलरशेजारी, भामाआत्या. पश्चिमेस मी. पूर्वेस कृष्णकांतकाका, कारण शेतातही ते पूर्वेसच होते. बाबा उत्तरेकडे डोके करून आडवे झाले, तेव्हा काकांची भिंत त्यांच्या डाव्या हाताला आली. या गोष्टीला पुढे महत्त्व येईल असे त्या वेळी फक्त काकांनाच वाटत होते.

मशीन हिंदीत बोलते. "साँस रोकिए" दाराबाहेर स्पष्ट ऐकू आले. सगळ्यांनी श्वास रोखला. "साँस छोडिए" मात्र कुणाला ऐकू आले नाही. बाबा उठून चपला घालत होते तेव्हा भामाआत्या वांग्याच्या रंगाची झाली होती.

"आत्या, सोड श्वास!"

"मशीन कुठं बोलली?" एवढे बोलण्यासाठी तिला तो सोडावाच लागला, म्हणून वाचली.

डॉक्टर मनस्वींनी कॉम्प्युटरवर चित्र लावले आणि मागे वळून पाहिले. आम्ही सगळे होतो. त्यांनी तोंड उघडले, आम्हाला मोजले, तोंड मिटले.

"हे ओटीपोट. या दोन रक्तवाहिन्या, एक या पायाकडे, एक त्या पायाकडे. पांढरं दिसतंय ते कॅल्शियम."

पडद्यावर डावीकडची नळी, हातात मनगटापासून कोपरापर्यंत चुडा भरावा तशी, पांढरी होती. उजवीकडे मधला एक पट्टा स्वच्छ करडा होता.

"उजवी मोकली!" बाबांनी टाळी दिली, ती पडली समोरच्या डॉक्टरांच्या खांद्यावर. "माजी बाजू मोकली! चुना सगला त्याच्या बाजूला!"

काकांचा चेहरा पडला. मामाने खिशातून पेढे काढले. ते खिशात का होते हे कुणी विचारले नाही.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाल्या. "हे चित्र समोरून बघितल्यासारखं असतं. पडद्यावरची डावी, ती यांची उजवी."

मामाने पेढे परत खिशात घातले.

"उजवीकडे चिमटासुद्धा लावता येणार नाही, रक्तवाहिनीची भिंत तडकेल. पण डावीकडे बघा ना! जवळजवळ चार सेंटिमीटर मऊ जागा आहे. इथे किडनी बसवता येईल."

"चार सेंटीमीटर म्हंजे किती गुंठं?" भामाआत्याने विचारले.

"ऑपरेशनपुरते," डॉक्टर म्हणाल्या. मला त्या तिथेच आवडल्या.

मी रडायच्या बेतात होते. पण बाबा म्हणाले, "डावीकडं नाय चालनार. ती त्याची बाजू."

सगळ्यांनी काकांकडे पाहिले. काकांनी घसा साफ केला.

"आमची हरकत हाय."

"कशाला?" डॉक्टर म्हणाल्या.

"डॉक्टर, त्याला सांगा, बांध दोन फूट माज्यात सरकवला हे आदी कबूल कर."

"डॉक्टर, त्याला सांगा, दोन इंचबी सरकवला नाय."

"अहो, हे यांचं शरीर आहे! इथे शेजारी नसतो!"

"तुमी मदे पडू नका डॉक्टर," मामा समजुतीने म्हणाला. "भावकीचं हाय."

"डॉक्टर, त्याला सांगा, मी खोटं कबूल करनार नाय. नको मना किडनी. डायलिसिस करीन मरेपरेंत."

हे बोलून झाले आणि त्यातली गंमत संपली. बाबांनी डायलिसिसचा हात, तो फुगलेल्या शिरेचा, टेबलाखाली घेतला. ती चार सेंटिमीटर सोडून दुसरी जागा नाही, हे त्यांना आमच्याइतकेच कळले होते. काकांनाही कळले होते. त्यांनी हरकत घेतली होती ती नुसत्या सवयीने, जांभई यावी तशी. आता त्यांच्या कपाळावर घाम होता. पण एवढ्या माणसांसमोर घेतलेली हरकत मागे कशी घ्यायची, हे आमच्या गावात अजून कुणी कुणाला शिकवलेले नाही.

तेव्हा आई उठली. तोपर्यंत ती कोपऱ्यात खुर्चीवर बसून होती.

"किडनी कुनाची?"

सगळे तिच्याकडे वळले.

"इचारते ना? कुनाची?"

"तुजी," बाबा म्हणाले.

"मंग नको बोलनारं तुमी कोन? नि हरकत घेनारा ह्यो कोन? लग्नात मना कुटं बसवली? डाव्या अंगाला. तवापासून फोटो काडा नायतर पाया पडा, ह्यांच्या डाव्या अंगाला मीच हाय. भावजी कवा बसले का तितं? बसले आसतील तर सांगा, मी आताच घरी जाते!"

काकांनी रुमालाने कपाळ पुसले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर अशी सुटका पसरली की श्वास सोडणाऱ्या भामाआत्याची आठवण व्हावी.

"बराबर हाय," ते म्हणाले. "वैनीची तितं वहिवाट हाय. इतक्या वर्सांच्या वहिवाटीला हरकत घेता येत नाय. कायदाच हाय तसा."

"कायदाच हाय," मामा लगेच म्हणाला आणि पेढे पुन्हा बाहेर आले.

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"मग मी डावी बाजू धरून चालते," डॉक्टर मनस्वी म्हणाल्या. त्यांनी एक पेढा घेतला होता आणि दुसऱ्यावर त्यांची नजर होती. "तारीख दोन दिवसांत कळवते. ताई, तुम्हाला काही शंका?"

"एकच," आई म्हणाली. "माजी किडनी ह्यांच्या पोटात गेल्यावर हे मना उलटून बोलले, तर ती परत मागता येते?"

"नाही हो."

आईने थोडा विचार केला. "मंग आताच काय ते बोलून घ्या," ती बाबांना म्हणाली. "मागनं नाय ऐकनार."

"कवाच बोलनार नाय, हौसा. शप्पत."

"मी साक्षीला हाय," काका म्हणाले.

"तू गप रं, किस्ना!" बाबा खेकसले.

खेकसले ते थेट काकांवर, मध्ये डॉक्टर न घालता. मग ट्रॅव्हलरपर्यंत जाताना ते प्रत्येकाला, पार्किंगच्या वॉचमनलासुद्धा, सांगत होते, "मना बोलला. ऐकला ना? मना गप बोलला."