बिनरोलचा कॅमेरा

माझ्या भाच्याला जग कुठे चाललंय ते कळत नाही, आणि कळलं तरी म्हणतो, "आत्या, जगाने वळावं की!" लोकांच्या खिशात फोन आले, त्यात फुकट फोटो आले, रोल धुणारी दुकानं एकेक करून बसली, आणि हा पठ्ठ्या रोलचा कॅमेरा बनवतोय! तोही साधा, मुठीत मावणारा. एक भिंग, एक खटका. मी जन्मभर अंधाऱ्या खोलीत रोल धुतलेत, म्हणून सांगते, कॅमेरा झकास होता. पण घेणार कोण?

कारखाना म्हणजे चार कारागीर आणि भाड्याची लांबट खोली. जागामालकाला तिथे गाड्या लावायच्या होत्या. त्याने बजावलं होतं: महिनाअखेर मोठी मागणी आली तर राहा, नाहीतर चालते व्हा. भाच्याला कॅमेऱ्याशिवाय दुसरं काही येत नाही, धड चहासुद्धा येत नाही. त्यामुळे माझ्या जिवाला घोर.

शेवटी एक बडा दुकानदार आला. बरोबर त्याचा जावई, सल्लागार म्हणे. उंटावरचा शहाणा! दुकानदाराने माझा फोटो काढला आणि लगेच कॅमेऱ्याची पाठ बघितली.

"फोटो कुठाय?"

"आत आहे," भाचा म्हणाला.

"असं होय!" म्हणत जावयाने झाकणच उघडलं. सगळा रोल उजेडात! मी मुद्दाम केस विंचरून बसले होते हो. गेलं सगळं पाण्यात.

जावयाला त्याचं काहीच नाही. "रोलची भानगडच नको," तो म्हणाला. "लोकांना कॅमेरा गळ्यात हवाय. फोटो फोनवर काढतील. आतून पोकळ करा. फक्त वजन आणि आवाज खरा वाटला पाहिजे. हजारोंनी उचलू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भाचा आपल्या कारागिरांकडे बघत होता. "करू," एवढंच म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि मलाही घास गेला नाही.

पहिला नमुना गेला. जावयाचा निरोप आला: खटक्याचा आवाज खेळण्यासारखा वाटतो. भाच्याने स्प्रिंग बदलली, पत्रा बदलला, काही जमेना. शेवटी वैतागून खरं शटर बसवलं. आवाज पसंत! मग म्हणे, समोरची काच मेल्यासारखी दिसते. खरं भिंग बसवलं. मग म्हणे, रोल पुढे सरकवायची चावी फिरवली की करकर झाली पाहिजे. त्यासाठी आत दातेरी चाक आलं. झाकण खिळखिळं नको, म्हणून तेही घट्ट, उजेडाचा कणसुद्धा आत जाणार नाही असं. आणि शेवटी जावई खूश झाला, "आता कसं हुबेहूब खोटं वाटतंय!"

मी पदर तोंडात धरून हसले. भाचा हसला नाही.

माल गेला, जागा वाचली. शहरभर लोक गळ्यात कॅमेरा घालून फिरू लागले, करकर, खटॅक करू लागले आणि फोटो फोनवर काढू लागले. आत रोल म्हणून कुणी घालेना. आमचा कॅमेरा चालला म्हणायचा की बुडाला, ते कुणी शहाण्याने सांगावं.

परवा एक नर्सबाई ड्युटी संपवून थेट कारखान्यात आल्या. गळ्यातला कॅमेरा काढून झाकण उघडलं.

"मावशी, ही जागा रिकामी का सोडलीय? काहीतरी बसत असणार ना इथे?"

भाच्याच्या हातातला पेचकस खाली पडला. "आत्या," तो म्हणाला, "रोल आहे का गं आपल्याकडे?"

"नसायला काय झालं!" मी कपाटाकडे धावले.

भाच्याने रोल बसवून दिला. बाईंनी आम्हा दोघांना उभं केलं. या वेळी मी केस विंचरले नव्हते. पण भाचा उघडउघड रडत होता, माझ्याकडे कोण बघतंय!

खटॅक. आणि बाईंनी सवयीने कॅमेरा उलटा केला.

"बाई," मी त्यांचा हात घट्ट धरला, "झाकणाला हात लावाल तर याद राखा!"