खांद्यावरचे मेंढरू

मित्रांनो, काचेचा कोपरा तडकलेली, हट्टा गावच्या दवाखान्यात एका खिळ्याला लटकणारी मी एक जुनी तसबीर. स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. कोणी माझ्यापुढे हात जोडले, तरी ते हात धुतलेले आहेत का, हे मी आधी पाहते. माझी घडणच तशी झाली, त्याला मी काय करणार!

जालन्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक रंगारी होता. त्याला कोणीतरी प्रभू येशूचे चित्र सांगितले. हरवलेले मेंढरू शोधून, ते खांद्यावर घेऊन परतणारा मेंढपाळ. रंगाऱ्याने येशू पाहिला नव्हता, पण मेंढपाळ रोज पाहिले होते. त्याने अंगावर घोंगडी दिली, भोवती बाभळी काढल्या, आभाळ तिन्हीसांजेचे केले. डोक्यामागचे तेजाचे वलय काढायच्या वेळी नेमका पिवळा रंग संपला. "उद्या काढू," म्हणून त्याने मला वाळत ठेवले. तो उद्या काही उगवला नाही. तेव्हापासून मी कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवत नाही.

मला घेतले मार्थाबाई नावाच्या नर्सने. त्र्याहत्तर साली त्यांची बदली डोंगरकडा गावी झाली आणि मी त्यांच्या खोलीत आले. बाई मला हार घालीत नसत, उदबत्ती ओवाळीत नसत. दिवेलागणीला चटई टाकून बसत आणि चित्रातली एकच जागा पाहत राहत. एके दिवशी मेंढपाळाचे पाय, दुसऱ्या दिवशी हात, तिसऱ्या दिवशी मेंढराचे तोंड. मग दिवसभरात तपासलेल्या माणसांची नावे हळू आवाजात घेत. मला वाटे, ही बाई माझ्यातली खोट शोधते आहे, मोडीत काढणार बहुतेक! त्यांची प्रार्थनाच अशी असते, हे मला फार उशिरा कळले.

गावात कोंडीबा नावाचा मेंढपाळ होता. त्याची लेक चतुराबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाईंनी तिला तपासले आणि बजावले, "मूल पायाळू आहे. कळा सुरू झाल्या की लगेच मला बोलवा. उशीर नको." कोंडीबाने मान डोलावली.

त्याच आठवड्यात कोंडीबाच्या कळपातले एक मेंढरू नाहीसे झाले. माग नाही, खुरांची खूण नाही. अशा चिडलेल्या मनाने तो एका संध्याकाळी लेकीच्या गोळ्या न्यायला आला आणि दारातच थबकला. मेंढरू चोरणारा ते कधी चालवत नेत नाही, खांद्यावर टाकतो, म्हणजे माग राहत नाही. हे मेंढपाळाच्या घरी लहान पोरालाही ठाऊक असते. आणि इथे भिंतीवर तिन्हीसांजेला एक माणूस, हातात काठी नाही, सोबत कुत्रे नाही, खांद्यावर मेंढरू! वर बाई त्याच्यापुढे बसून म्हणत होत्या, "चतुराबाई... चतुराबाई..."

कोंडीबा गोळ्या न घेताच वळला. ओसरीवर दवाखान्याचा शिपाई जळबा बसला होता. त्याला तो म्हणाला, "चोराची तसबीर पुजून राहिली ही बाई. आन् माह्या लेकीचं नाव त्याच्याम्होरं काहून घेऊन राहिली? काय करणी करायचीय तिला?"

बोलायला मला तोंड असते तर! चोर? मी? माझी काच संतापाने तडकायची राहिली. चतुराबाई पुन्हा तपासायला आली नाही. बाई दोनदा तिच्या घरी गेल्या, दोन्ही वेळा कोंडीबाने दारातूनच परतवून लावले. बाई रोज तिचे नाव सर्वांत शेवटी घेत.

मग एके दिवशी भर दुपारी कोंडीबा धावत आला. हातात काठी होती. संपलेच आता, मला फोडायला आला, असे मी धरून चालले. पण त्याच्या तोंडाचे पाणी पळाले होते.

"पोरीला सकाळपासून कळा येऊन राहिल्या, बाई. लई तकलीफ हाय. बायकोनं धाडलं. पण..." त्याने काठी माझ्याकडे रोखली. "आधी सांगा, हा कोण हाय? मेंढरं चोरणाऱ्याला पुजणारीच्या हातात मी लेक कशी देऊ?"

बाईंनी स्टोव्ह पेटवून कात्री अन् चिमटे उकळत ठेवले. चिडल्या असतील, पण आवाज चढला नाही. "मामा, पाणी उकळेस्तोवर मला निघता येत न्हाई. तुमी मेंढरातले माणूस. मी सांगून काय उपयोग? तुमीच बघा आन् तुमीच सांगा."

कोंडीबा चटईवर बसला. आधी रागाने पाहत होता, जत्रेत बैल पारखतात तसा. स्टोव्ह भरभरत होता. हळूहळू त्याच्या हातातली काठी खाली आली.

"पायाला काटे रुतले ह्याच्या," तो स्वतःशीच पुटपुटला. "चोर पायवाटेनं पळतो. हा बाभळीतून हिंडला." थोडे थांबून म्हणाला, "मेंढराचं तोंड बांधलं न्हाई. चोर आधी तोंड बांधतो." मग तो पुढे सरकला. त्याचे नाक काचेला लागायच्या बेतात आले. "मागचा पाय लोंबून राहिला. मोडलाय. मोडक्या पायाचं मेंढरू चालवत न्हाईत, उचलूनच आणावं लागतं."

माझ्या कोपऱ्यात, दूर, रंगाऱ्याने मेंढवाडा काढला होता. नखाएवढा. एवढ्या वर्षांत तो कोणी पाहिला नव्हता. कोंडीबाने तो पाहिला. चित्रातल्या माणसाचे तोंड तिकडेच होते.

"बाई," तो उठत म्हणाला, "हा नेऊन न्हाई राहिला. आणून राहिला."

पाणी उकळले होते. दोघे पळतच गेले.

ती दुपार मी कशी काढली, ते माझे मला माहीत. दिवेलागणीला बाई परतल्या, न जेवता चटईवर बसल्या. त्या दिवशी त्यांनी मेंढपाळाचे हात पाहिले, पुष्कळ वेळ. मग म्हणाल्या, "चतुराबाई." आणि थांबून, "आणि तिची लेक."

हरवलेल्या मेंढराचा तपास मात्र लागला नाही. माझा संशय जळबावर आहे. पण मी त्याच्याकडे नीट पाहिलेले नाही, म्हणून गप्प बसते.

कोंडीबा पुढे दर बाजाराच्या दिवशी येई आणि घटकाभर बसे. त्याचे देव त्याच्या देव्हाऱ्यात होते, तिथेच राहिले. "हा माणूस आमच्यातला हाय," एवढेच तो म्हणे.

यंदा, एकोणऐंशी साली, बाईंची बदली हट्ट्याला झाली. त्यांच्या खोलीची भिंत ओली, म्हणून मला दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टांगले. इथल्या शिपायाने माझ्यावरच कॅलेंडर अडकवले. बाई दौऱ्यावरून थकून येतात आणि खोलीत डोळे मिटूनच नावे घेतात म्हणे. त्या मला विसरल्या, असा मला संशय होता, आणि फार वाईट वाटत होते.

आज सकाळी कोणीतरी कॅलेंडर उचलले. कोंडीबा! सोबत पाच वर्षांची नात, मनकर्णा. बाईंना भेटायला एवढ्या लांब आला होता. बाईंनीच त्याला सांगितले होते, "मामा, ती तसबीर बाहेर हाय. कॅलेंडर काढा जरा, माझ्यानं राहूनच गेलं बघा."

पोरीने मला पाहिले आणि डोळे बारीक केले. आजोबाची नात शोभते! "आबा, ह्यानं कुणाचं मेंढरू चोरलं?"

कोंडीबाने खांद्यावरची घोंगडी जमिनीवर अंथरली. "बस," तो म्हणाला. "आन् बघ."

मित्रांनो, तुमच्या घरी जुन्या तसबिरी असतील. त्यांची धूळ पुसा, वाळवी लागू देऊ नका, त्यांच्यावर कॅलेंडर टांगू नका. पण तेवढ्यावर भागत नाही. कधीतरी समोर बसा. संशय आला तर संशय घेऊन बसा, पण पाणी उकळेपर्यंत तरी उठू नका.

मनकर्णा अजून बसली आहे. आता तिची नजर त्या लोंबणाऱ्या पायापर्यंत पोचली आहे.