दोराचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत धाकट्याकडे ‘दोर’ या शब्दाचं कार्ड होतं. त्यावर अर्थ आणि जोडीचे शब्द भरून झाले की ते पेटीत टाकायचं, असा तिथला नियम. त्याने ते तीन आठवडे अडवून ठेवलं होतं. आई गेल्यापासून थोरल्या भावाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण दादाचा जन्म जहाजावर गेलेला, शब्द विचारला की तो फोन ठेवत नसे.

आज साहेबांनी कार्ड मागितलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर धाकट्याने फोन लावला.

“दादा, दोराला अजून काय म्हणतात रे?”

“दोरखंड, चऱ्हाट, रस्सी, सोल. सगळं सांगून झालंय. कान गहाण टाकलेस का?”

“तसं नाही. आज कार्ड द्यायचंय.”

पलीकडे दादा खोकला.

“म्हणजे उद्यापासून फोन नाही?”



“‘शीड’ अजून कुणी घेतलेलं नाही,” धाकटा घाईघाईने म्हणाला. “मी मागून घेऊ?”

“घे. पण त्याला महिना लागेल, आत्ताच सांगून ठेवतो.”