पाहुण्यांच्या खोलीतली भिंत

घराची अब्रू दिवाणखान्यात राहते, यावर इन्शिराहबाईंची अढळ श्रद्धा होती. म्हणूनच सोळा वर्षं त्यांनी अब्रूला कुलूप लावून ठेवलं होतं. किल्ली गळ्यात. आत सोनेरी मुलाम्याचा, लाल मखमलीचा सोफा, त्यावर पांढऱ्या चादरी, आणि खिडक्यांच्या फळ्या बारा महिने बंद, कारण उन्हाने मखमल विटते. घरची माणसं शेजारच्या खोलीत बसत, जेवत, भांडत आणि हिवाळ्यात कपडे वाळत घालत. दिवाणखान्यात बसायला पाहुणा लागे, आणि तोही त्या लायकीचा.

जानेवारीतल्या दोन वादळांच्या मधल्या मंगळवारी बाईंनी कुलूप उघडलं. अब्रूला बुरशी आली होती.

"अहो नश्वाचे बाबा! इकडे या. आधी चपला काढा!"

रागिब मास्तर गुडघे सावरत आले. सोफ्यामागच्या भिंतीवर जमिनीपासून कंबरेपर्यंत काळी बुरशी पसरली होती. चौतीस वर्षं त्यांनी अलेक्झांड्रियातल्या पोरांना भूगोल शिकवला होता. दमट हवा थंड भिंतीला लागली की पाणी सुटतं, हे ते झोपेतही सांगू शकले असते. घरात मात्र हा धडा अभ्यासक्रमाबाहेर होता.

"खिडकी उघडायला हवी होती," ते म्हणाले.

"म्हणजे माझंच चुकलं. म्हणा ना सरळ."

मास्तरांनी नखाने बुरशी खरवडून पाहिली. शुक्रवारी नश्वाला मागणी घालायला वजदीच्या घरचे येणार होते. फातिहा वाचली की सोयरीक पक्की. नश्वा बत्तीस वर्षांची होती आणि तिचं आधीचं ठरलेलं लग्न फ्रिज कोणी घ्यायचा या प्रश्नावर मोडलं होतं. तेव्हा ती दोन महिने धड जेवली नव्हती. हेही मोडलं असतं तर पुन्हा तिच्या ताटाकडे बघत बसायचं बळ मास्तरांत उरलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरचा रंगारी, उस्ता शहात, येऊन भिंतीवर पंजा टेकवून उभा राहिला. डॉक्टर पोट बघतो तसा.

"मास्तर, भिंत आजारी नाही. कोंडलीये. घासायची, खिडकी सताड उघडायची, चार दिवस वारा खाऊ द्यायचा. सोफा वीतभर पुढे. मग रंग."

"पाहुणे शुक्रवारी येतायत," बाई म्हणाल्या.

"मग त्यांना रविवारी बोलवा."

"आणि कारण काय सांगू? भिंत वारा खातेय? लोक म्हणतील, भिंतीत ओल आहे तर पोरीच्या छातीतही असेल."

"मग आत्ता रंगवतो. पण वहिनी, ओल्या भिंतीवरचा रंग म्हणजे न धुतलेल्या तोंडावरची पावडर."

"पावडरच लाव."

बुधवारी बाईंनी ब्लीच घेतलं आणि भिंत जास्त स्वच्छ व्हावी म्हणून त्यातच व्हिनेगर ओतलं. क्षणात डोळ्यांतून पाणी आणि घशात काटे. मास्तरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा ती खिडकी उघडली. विषारी वायूमुळे का होईना, खोलीला तासभर वारा मिळाला. मग बाईंना मखमल आठवली.

गुरुवारी उस्ताने मान हलवत हलवत रंग दिला.

"वजदीला माहितीये आपल्याकडे ओल आहे," नश्वा चादरी काढता काढता म्हणाली.

"तू सांगितलंस? कशाला?"

"त्यानेच विचारलं, तुझ्या स्वेटरला कसला वास येतो म्हणून."

बाई त्या सोनेरी सोफ्याच्या काठावर टेकल्या, आणि काठावरच टेकलेय ना हे त्यांनी पुन्हा एकदा तपासलं.

शुक्रवारी वजदी आला, त्याचे मामा आले आणि त्याची आई दौलतबाई आल्या. दिवाणखान्यात रंग, ब्लीच आणि वरून भरपूर ऊद, असे तीन वास आपापसांत भांडत होते. दौलतबाईंनी सरबताचा एक घोट घेतला आणि खोकायला लागल्या. थांबेचनात. मास्तर खिडकीकडे वळले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते अर्ध्यातच थांबले.

"इन्शिराहबाई," दौलतबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही रोज जिथे बसता तिथे बसू या का? मला दमा आहे."

रोजच्या खोलीत दोऱ्यांवर आठवड्याचे कपडे होते. बाईंचा चेहरा रंगवलेल्या भिंतीसारखा पांढरा झाला. पण दौलतबाई तोवर आत जाऊन बसल्याही होत्या, मास्तरांच्या लोकरीच्या लांब चड्डीखाली.

"हं, इथे श्वास येतो," त्या म्हणाल्या. "आमचाही दिवाणखाना कुलपातच असतो. वास अगदी हाच. मला वाटलं, आमच्याच घरी बसलेय."

"आणि फ्रिज?" मास्तरांनी घाबरत विचारलं.

"फ्रिज आमच्याकडून," मामा म्हणाले.

तिथेच, ओल्या चादरी बाजूला सारून, सगळ्यांनी तळहात उघडले आणि फातिहा वाचली. नश्वाने त्या रात्री दोन वेळा भात वाढून घेतला. मास्तरांनी मोजलं.

"आता तरी ती खोली उघडी ठेवू," झोपताना ते म्हणाले.

"आता तर मुळीच नाही. लग्नाला पाहुणे येतील."

शनिवारी सकाळी इन्शिराहबाईंनी सोफा पुन्हा भिंतीला टेकवला, चादरी घातल्या, फळ्या लावल्या आणि कुलूप घातलं. रंग अजून ओला होता.