फिरंगी कप्तानाची दाढी

खोटं बोलणाऱ्याचे दात पडतात म्हणे. माझे अजून दोन शाबूत आहेत, तेव्हा ऐका.

शेजारच्या बेटावर एक गंजकी तोफ आहे. तेवढ्यावर पाहुण्यांच्या बोटी तिकडे भरभरून जातात. आमच्याकडे काय? नारळ, टूना आणि मी. गेल्या हंगामात एक जर्मन मास्तरीणबाई किनाऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "इथे इतिहास काहीच नाही?" आणि त्यांचं सामान परत बोटीत चढायला लागलं. समोर उथळ पाण्यात दगडांचा गोल ढीग दिसला. मी म्हणालो, "नाही कसा? तिथे फिरंगी कप्तान पुरलाय! आमच्या पूर्वजांनी टूनाच्या शेपटीने बडवून मारला त्याला."

सामान उतरलं.

तो ढीग म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, हव्वा दात्ताचा खड्डा. नारळाची सोडणं वाळूत पुरायची, वर दगड ठेवायचे, दहा महिने कुजू द्यायची. मग बडवून काथ्या काढायचा आणि सुंभ वळायचा. प्रत्येक बाईचा खड्डा वेगळा. दुसरीच्या खड्ड्याला हात लागला तर नातवंडांपर्यंत भांडण पुरतं.

पण कौन्सिलचा अध्यक्ष झुबैर तोफेवर जळून कोळसा झालेला. त्याने लगोलग पाटी ठोकली: 'ऐतिहासिक थडगे. हात लावू नये.' पाहुणे फुलं वाहू लागले. मीही कप्तानाला आधी एक लाकडी पाय दिला, मागणी वाढली तसा दुसराही.

आणि दहा महिने भरले.

"मण्या," दात्ता माझ्यावर कडाडली, "नातीचे दिवस भरलेत. बाळाच्या झोपाळ्याला सुंभ कुठून आणू?"

"नायलॉनची दोरी घे ना."

"बाळ टांगायचंय, मासा नाही! आणखी राहिली तर सोडणांचा चिखल होईल."

"हंगाम संपेपर्यंत थांब की, दात्ता."

"बाळाला सांग थांबायला!"

दुसऱ्या सकाळी ती मोगरी घेऊन पाण्यात उतरली. काठावर चाळीस पाहुणे, त्यांत पुन्हा आलेल्या मास्तरीणबाईही. झुबैर पाटीला मिठी मारून ओरडतोय, "दात्ता, दंड होईल!" तिने दगड भिरकावले. असा दर्प सुटला की उडते बगळे वळून शेजारच्या बेटावर गेले. तिने लांबलचक, तपकिरी, केसाळ काहीतरी उपसलं आणि दणादण बडवायला घेतलं.

मास्तरीणबाईंनी छातीवर हात ठेवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हे काय?" झुबैर पुटपुटला.

"दाढी," मी म्हणालो. "चारशे वर्षं वाढतेच आहे."

"आणि कुजतेही आहे," दात्ता मान वर न करता म्हणाली. "सरका, चिखल उडेल."

मास्तरीणबाई सरकल्या नाहीत. चपला काढून पाण्यात उतरल्या आणि विचारलं, "मी बडवू का थोडी?" मग रांगच लागली. दुपारच्या नमाजापर्यंत कप्तानाची अख्खी दाढी बडवून झाली होती. दात्ता दगडावर पाय पसरून सुपारी चघळत होती आणि चुकणाऱ्याला शिव्या घालत होती.

बाळ आता त्याच सुंभाच्या झोपाळ्यात झोपतं. काल दात्ता नवी सोडणं डोक्यावर घेऊन माझ्या दारात आली.

"कप्तानाला भाऊ होता का रे?"

"होता ना. पण त्याची दाढी आखूड."

"मग नको," ती म्हणाली. "लांब दाढीचा मेव्हणा बघ एखादा."