पाटाच्या पलीकडून

माझ्या गोठ्यात शाळा भरायची. साखऱ्याच्या पुढं आमचं लहानसं गाव. देवळाचं छप्पर पावसात बसलं आणि शाळेला जागा उरली नाही, तेव्हा माझी बायको शालूबाई म्हणाली, "गोठा चार बैलांचा, बैल दोनच. अर्ध्यात लेकरं बसू द्या की." मी म्हणालो, पोरं आणि बैल एका जागी कसे राहतील. ती म्हणाली, "बैलांना काही तकलीफ न्हाई व्हनार."

आम्हाला मूलबाळ नव्हतं. सकाळी पोरं आली की ती चुलीपुढं बसून त्यांचा गलका ऐकायची आणि भाकरी थापता थापता पाढे म्हणायची.

भादव्यात तिला ताप आला आणि ती गेली. माझी थोरली बहीण गोजरबाई माझ्याकडं राहायला आली. ती चांगली होती, पण ती बोलायला लागली की मला बाहेर जावंसं वाटायचं. दुपारी पोरं घरी गेली की घर इतकं गप्प व्हायचं, की ढवळ्या बैल रवंथ करतो ते ऐकू यायचं. सकाळपर्यंतचा वेळ कसा काढायचा ते मला कळत नसे. सकाळ झाली की पुन्हा पोरं यायची आणि मी जेवायचो.

अशात निरोप आला, की तपासणीचे साहेब येणार. मागच्या साली ते म्हणून गेले होते, की पोरांना वाचता आलं नाही तर शाळा दुसऱ्या गावाला देऊ. नागोराव मास्तर औंढ्याचे. मऊ माणूस. ते म्हणाले, "ग्यानबा, बदली झाली तर माझं काय, मी पेटी उचलीन." मास्तरांना पेटी होती. मला तेवढा गोठा होता.

मग सगळं गाव तयारीला लागलं. गोजरबाईनं गोठा दोनदा सारवला. सटवाजी पाटलांनी आपली खुर्ची पाठवली आणि खुर्चीबरोबर माणूस पाठवला, साहेबांशिवाय कोणी बसू नये म्हणून. मास्तरांनी पहिला धडा घोकून घ्यायला सुरुवात केली. "कोंबडा आरवला. गाव जागं झालं." सगळी पोरं एका सुरात, दिवसभर. धडा संपला की शाळा सुटते आणि मग बैलांना पाणी दाखवतात, हे ढवळ्याला ठाऊक झालं. शेवटची ओळ आली की तो आपोआप उठून उभा राहायचा. पाण्यावर नेऊन नेऊन मी थकलो.

साहेब आले ते दमणीतून, लहानशा बैलगाडीतून. शेरवानी, डोक्यावर फेज टोपी, आणि एक जड पिशवी. मास्तरांनी हात वर केला. पोरांनी छाती भरून घेतली. साहेब म्हणाले, "नको मास्तर. सगळ्यांचं मिळून मी मागच्या साली ऐकलं. एकेक बच्चा भेजो. मला बघायचंय, कोणाला काय येतं."

मास्तरांचा हात वरच राहिला. एकेकाचं कधी कोणी ऐकलंच नव्हतं.

कडुलिंबाखाली खुर्ची मांडली. शाळेचं पुस्तक साहेबांनी मधूनच कुठंतरी उघडलं. पहिला गेला पाटलांचा संतराम. तो मास्तरांना खेटून बसायचा आणि सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा. त्यानं पुस्तक धरलं आणि खडखडीत आवाजात सुरू केलं, "कोंबडा आरवला. गाव जागं झालं."

साहेब वाकून बघायला लागले. पानावर उंटाचं चित्र होतं.

"ये मुर्गा है?"

"व्हय साहेब."

"मग ह्याला पोक काहून आलं?"

संतरामानं चित्राकडं नीट बघितलं. "म्हातारा झाला आसंल साहेब."

साहेबांनी पुस्तकावर हात ठेवून पान झाकलं. संतराम वाचत राहिला. आत गोठ्यात धड्याची शेवटची ओळ ढवळ्याच्या कानावर गेली आणि तो उठून उभा राहिला. पाटलांच्या खुर्चीवाल्या माणसानं तोंडावर पटका धरला. पाटील म्हणाले, "हसून कोण राहिलं तिकडं?"

दुसरं पोरगं आलं, शेजारच्या चतुराबाईचं. त्यानं पुस्तक हातात घेतलं आणि मान पार खांद्यावर टाकली, कोंबडी आभाळात घार बघते तशी. "उं... ट," त्यानं सुरू केलं. साहेबांनी त्याची हनुवटी धरून मान सरळ केली. पोरगं गप्प. साहेबांनी हनुवटी सोडली. मान पुन्हा खांद्यावर गेली, "वा... ळ... वं... टात." सरळ केली की बंद, सोडली की सुरू. साहेबांनी हे चार-पाच वेळा केलं. त्यांना स्वतःलाच ते सोडवेना.

"मास्तर, ह्याच्या गळ्यात कळ बसवली का तुमी?"

मग जिवनी आली. लमाणांच्या तांड्यावरच्या धर्मसिंगाची पोरगी, आठ-नऊ वर्षांची. साहेबांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. तिनं ते उलटं फिरवलं. साहेबांना वाटलं, चुकून झालं. त्यांनी सरळ करून दिलं. तिनं फिरवलं. साहेबांनी पुन्हा सरळ केलं आणि बोट दाखवून सांगितलं, "ऐसा." जिवनीनं मान हलवली आणि साहेबांना चूक कळत नाही म्हणून हळूच, आदबीनं, पुन्हा फिरवलं.

साहेब खुर्चीतून उठले. एक पोरगं झाकलेलं पान वाचतं, एक मान मोडून वाचतं, एक पुस्तक उलटं धरतं. त्यांना वाटलं, गावानं मिळून त्यांची थट्टा मांडली आहे. ते शेरवानीची बटणं लावायला लागले. "बस झालं मास्तर. शाळा बंद. दुसऱ्या गावाला देतो मी."

आणि मला हसू फुटलं.

शालू गेल्यापासून मी हसलो नव्हतो. कसं हसतात ते माझं मलाच विसरायला झालं होतं, त्यामुळं ते धड येईना. आधी खोकल्यासारखं आलं, मग नाकातून आलं, मग मी कडुलिंबाला धरून खाली बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं. गोजरबाई धावत आली. "ग्यानबा, आरं शाळा चालली तुझी. काहून हसून राहिला? साहेबासमोर लाज आण."

"आक्का," मी म्हणालो, "ही पोरगी शालूवानी वाचते."

"ती गेली बिचारी. आता ह्याचंबी डोस्कं गेलं," गोजरबाई साहेबांना म्हणाली.

मी उठलो आणि साहेबांना सांगितलं ते असं. मी चौथी शिकलेला. संध्याकाळी पाटावर पोथी ठेवून वाचायचो. शालू समोर बसून डाळ निवडायची. तिला अक्षर येत नव्हतं. एकदा मला फार भूक लागली होती, म्हणून मी मधली एक ओवी गाळून पुढं गेलो. ती डाळीतून खडा काढत म्हणाली, "एक ओवी सोडली तुमी." मी हबकलो. मी तिच्याकडं पोथी सरळ फिरवली आणि म्हणालो, वाच. तिला एक अक्षर ओळखता येईना. पोथी पहिल्यासारखी केली, तिच्या बाजूनं उलटी, तर घडाघडा वाचायला लागली. इतक्या वर्षांत समोर बसून, माझं बोट बघून, तिनं अक्षरं उलटीच शिकून घेतली होती. पुढं कधी सरळ वाचायला लागली नाही. म्हणायची, "तुमच्याकडून तसं, माझ्याकडून असं. पोथी तीच हाय न्हवं?"

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. मग मास्तरांकडं वळले. "बच्चे कसे बसतात?"

मास्तर म्हणाले, "गोल बसतात साहेब. पुस्तक एकच हाय. बाकीची देवळात भिजली. लढाई चालू झाल्यापासून कागद न्हाई म्हणतात, नवीन येत न्हाईत. मध्ये पाटावर पुस्तक, भवती पोरं. फळाबी न्हाई. मी जमिनीवर धूळ पसरून त्यात बोटानं अक्षर काढतो."

"आणि ही?"

"तांडा लांब हाय. जिवनी उशिरा येते. समोरचीच जागा उरते तिला."

साहेबांचा विश्वास बसला नव्हता. ते म्हणाले, पाठ असेल. त्यांनी पिशवीतून स्वतःजवळचं एक नवं कोरं पुस्तक काढलं, जे आमच्या गावात कोणी बघितलं नव्हतं. गोठ्यात येऊन ते पाटावर ठेवलं. स्वतः मास्तरांच्या जागी मांडी घालून बसले. सारवण अजून ओलं होतं. जिवनी समोर तिच्या जागी बसली आणि उजवीकडून डावीकडं बोट सरकवत वाचायला लागली.

"न... दी... काठी... कुंभार... राहत... होता. त्याचं गाढव... फार... शहाणं होतं." ती थांबली. "साहेब, गाढव शहानं कसं?"

"आगे पढ़ो," साहेब म्हणाले, "तुमकोच मालूम पडेगा."

तिनं पान संपवलं. मग साहेबांनी पुस्तकाला हात न लावता स्वतः उठून तिच्या बाजूला जाऊन बघितलं. बराच वेळ बघितलं. पुटपुटले, "आमची उर्दू लिखावट इधर से चलती, तुमची उधर से. और ये लडकी नीचे से ऊपर चढती." आणि हसायला लागले. फेज टोपी पडली, ती ढवळ्यानं हुंगली.

मग दिवसभर खरी तपासणी झाली. साहेब प्रत्येक पोराच्या समोर जाऊन बसले, पोरगं जिथं बसतं तिथंच त्याला बसवून. पाटाच्या बाजूला बसणाऱ्या चतुराबाईच्या पोरासाठी पुस्तक आडवं. त्याची मान सरळ झाली आणि उंट वाळवंट पार करून गेला. साहेबांनी काठीनं जमिनीवर तीन रेघा ओढल्या. गोष्ट वाचणारे एकीवर, सुटे शब्द वाचणारे दुसरीवर, अक्षरांपाशी अडलेले तिसरीवर. मास्तर बघत होते आणि दर पोरामागं त्यांचा चेहरा बदलत होता. ज्याला ते हुशार समजत तो तिसऱ्या रेघेवर निघे, आणि ज्याचं नाव त्यांना पटकन आठवत नसे तो पहिलीवर.

मास्तरांच्या शेजारी बसणारी सगळी तिसऱ्या रेघेवर निघाली. ती मास्तरांचं तोंड बघून म्हणत होती, पुस्तकाकडं बघायची त्यांना गरजच पडली नव्हती. संतराम त्यात पहिला.

पाटील म्हणाले, "साहेब, आमचं पोरगं सगळ्यात मोठ्यानं म्हणतं."

"व्हय पाटील," साहेब म्हणाले, "दमणीत असतानाच ऐकू आलं मला."

जाताना ते मास्तरांना म्हणाले, "शाळा मी आज बंद करत नाही. शिमग्याच्या आधी येईन. हरएक बच्चा पुस्तक सीधा धरून नवा धडा वाचेल तर शाळा इथंच. नाहीतर नाही." मास्तर म्हणाले, पुस्तक एकच हाय, सरळ बाजू एकच, सगळी पोरं एका बाजूला मावतील कशी.

गोजरबाई गुळाचा चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "पातीवानी फिरवा की."

खळी लागली होती. मधल्या खांबाला बांधलेले बैल कणसांवरून गोल फिरतात, त्याला आम्ही पात म्हणतो. तशी पोरं फिरवायची. रोज सकाळी प्रत्येकानं एक जागा पुढं सरकायचं. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "बाई, तुमी मास्तर व्हा." गोजरबाईनं हे पुढं होळीपर्यंत रोज सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात जो गोंधळ झाला तसा कधी झाला नव्हता. जागा बदलली की वाचणाऱ्यांना वाचता येईना. पोरं पुस्तकाऐवजी स्वतःच फिरायला लागली. एक जण पाटावर ओणवा होऊन पायांमधून बघायचा. दोघं एकमेकांवर आपटले. चतुराबाईचं पोरगं आता दुसऱ्या खांद्यावर मान टाकू लागलं. मास्तर रोज चार-पाच पोरांचं एकेकट्याचं ऐकायचे आणि बाकीच्यांना जोड्या लावून द्यायचे, वाचणारा आणि अडलेला. जिवनीच्या वाट्याला संतराम आला. ती तुरीची काठी घेऊन अक्षरावर ठेवायची. "हे काय?"

"कोंबडा."

"हे नुसतं क हाय. कोंबडा पळाला."

संतराम दोन दिवस रुसला. मग जोडीला बसला आणि महिन्याभरानं त्यानं बापाच्या घोंगडीवरचं विणलेलं नाव वाचलं आणि बापालाच विचारलं, की तुमी सटवाजी, मग घोंगडीवर धर्मसिंग काहून लिहिलंय. पाटलांनी ती घोंगडी तांड्यावर परत पाठवली.

शिमग्याच्या आधी साहेब आले. मी कडुलिंबाखाली बसलो. साहेबांनी नवा धडा उघडला आणि एकेकाला बोलावलं. मान कोणाची वाकडी झाली नाही. संतराम अडखळत वाचला, हळू आवाजात, पण पानावर होतं तेच वाचला. शेवटी जिवनी आली. पुस्तक हातात घेऊन तिनं साहेबांना विचारलं, "कोन्त्या बाजूनं वाचू?"

साहेबांनी मास्तरांच्या हातावर पिशवीतलं ते कुंभाराच्या गाढवाचं पुस्तक ठेवलं. "आता दोन झाली," ते म्हणाले. शाळा राहिली.

त्या दुपारी पोरं घरी जायचं सोडून गोठ्यातच दंगा करत बसली. मी आत गेलो, फळीवरून पोथी काढली. भादव्यापासून ती उघडली नव्हती. गोठ्यात पाट मोकळाच होता. मी बसलो आणि वाचायला लागलो. काही पोरं भोवती येऊन बसली. जिवनी समोर बसली, शालू बसायची तशी, आणि जोड्यातली माती काठीनं काढता काढता माझ्या बोटाकडं बघत राहिली.

गोजरबाईनं आतून आवाज दिला, की भाकरी निवून राहिली. मला भूक लागली होती. मी जरा भरभर वाचलं.

"काका," जिवनी जोड्यातली माती काढत म्हणाली, "एक ओवी सोडली तुमी."

मी बोट मागं नेलं.

"व्हय," मी म्हणालो, "सोडली." आणि ती ओवी वाचली.