दुखण्याचं वेळापत्रक

"हात झोपलेला असेल तोवर बोटं तुम्ही बघायची. गार पडली, निळी दिसली, सुजून ताठ झाली, तर मला बोलवायचं. दुसऱ्या कुणाला नाही."

डॉक्टर क्षिप्रा दातारांचा तो आवाज अजून कानात आहे. माझी नणंद पद्मजा हिला ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डात आणलं, तेव्हा या भूलतज्ज्ञ बाई माझ्याशी एवढंच बोलल्या आणि पुन्हा आत गेल्या. मी पलंगाशेजारी स्टूल ओढलं आणि प्लास्टरबाहेर आलेल्या पाच बोटांकडे बघत बसले.

थोड्या वेळात वॉर्डाच्या दाराशी गर्दी झाली. नातेवाईक, आया, शेजारच्या दुकानांतले लोक, सगळे टाचा उंचावून आत बघत होते. "स्पर्शबाबा आले, स्पर्शबाबा," अशी कुजबुज झाली. हे सत्त्याण्णव सालचं गाझियाबाद. आमच्या नव्या वसाहतीत निम्म्या इमारतींना अजून रंग नव्हता, पाणी दिवसाआड यायचं, पण केबल टीव्ही आणि बाबा दोन्ही वेळेवर पोचले होते. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर बाबांचा तंबू होता. नर्सिंग होमचे मालक त्यांना आत येऊ देत, कारण बाबा येऊन गेले की रुग्ण तक्रार करत नाहीत.

बाबा पन्नाशीचे, पांढऱ्या सफारीतले. ते रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवत नसत, उलट रुग्णाच्याच पायांना हात लावत. लोक यावरच विरघळायचे. एवढा मोठा माणूस, आणि आजाऱ्याच्या पाया पडतो.

"आँखें बंद," बाबा म्हणाले. "हम दर्द से बात करेंगे."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला बोटं बघायची होती.

बाबा आधी पलीकडच्या पलंगाच्या पायथ्याशी वाकले. तिथे गुणवंत नावाचा मुलगा होता, लातूरकडचा, दिल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. खिडकीच्या काचेने तळहात कापला होता, टाके घालून नुकता बाहेर आणला होता. बाबा वाकले, थोडे थांबले, उठले. "साढ़े बारह बजे दर्द आएगा, बेटा. श्रद्धा कच्ची है."

मग पद्मजाच्या पायाशी. तिथे जरा जास्त थांबले. "इस बेटी को दीया जलने तक कुछ नहीं होगा. श्रद्धा पक्की है."

तिच्या दंडाला, प्लास्टरच्या वर, त्यांनी लाल दोरा आवळून बांधला. दुखणं आलं की गोळी घ्यायची नाही, दोरा सैल करायचा नाही. गोळी घेतली तर दुखणं आत जाऊन बसेल. ते बाहेर पडताना जितकं जाळेल तितकं चांगलं. आणि फारच जाळलं तर समजायचं, घरात कुणाचा तरी नियम मोडला आहे.

साडेबाराला पाच मिनिटं असताना गुणवंत कण्हायला लागला. पद्मजा मात्र दिवसभर हसत होती. दिवे लागले आणि तिने ओठ दाताखाली धरला.

"वहिनी, अगदी त्यांनी सांगितलं तसंच," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत वेदनेपेक्षा भक्ती जास्त होती.

खरं सांगते, माझेही हात आपोआप जोडले गेले. मी रोज सकाळी अकरा माळा जप करते. तो होईपर्यंत पाणीसुद्धा घेत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. अशा बाईला चमत्कार नको वाटतो असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी डबा घेऊन गेले. पद्मजाचा चेहरा राखेसारखा झाला होता. रात्री दुखण्यासाठी दिलेल्या चारही गोळ्या उशीखाली तशाच होत्या.

"अगं, घेतल्या का नाहीस?"

ती माझ्याकडे बघेना. "वहिनी, काल तुम्ही चहा घेतलात ना इथे? जप व्हायच्या आधी?"

घेतला होता. ऑपरेशनच्या गडबडीत एका आयाबाईने कप हातात दिला आणि मी प्यायले. तो चहा रात्रभर माझ्याही घशाशी आला होता. मी तिची बोटं बघितली. ती वांग्यासारखी झाली होती, चकचकीत आणि ताठ. पद्मजा पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवते. स्टेशनच्या जिन्यावरून पडून मोडलेला हा तिचा उजवा हात, खडूचा.

मी धावत डॉक्टर क्षिप्रांना आणलं. त्यांनी बोटांना हात लावला, एक बोट सरळ केलं. पद्मजा किंचाळली.

"प्लास्टर आत्ताच्या आत्ता चिरून सैल करायला हवं. हा दोरा आधी कापायचा. उशीर झाला तर हात कायमचा अधू होईल."

"नाही," पद्मजा म्हणाली. "आठला बाबा येतील, तोवर कुणी हात लावायचा नाही. त्यांचं सगळं खरं ठरलंय."

"पद्मजा, ऐक."

"तुमच्या चहापायी झालंय हे, वहिनी. आता दोरा कापून आणखी वाढवू नका."

डॉक्टर माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "सर्जनना बोलावलंय, दहा मिनिटांत येतील. पण ही बाई शुद्धीवर आहे. नको म्हणत असेल तर मी जबरदस्ती कशी करू?"

मी वॉर्डभर बघू लागले. नजर कुठेच ठरत नव्हती. समोरच्या पलंगावर कुमुदिनी नावाची बाई होती, मनगट मोडलेली, नऊच्या ऑपरेशनसाठी आणलेली. तिच्या पलंगाच्या पायथ्याशी रुग्णाचा कागद अडकवायची एक रिकामी क्लिप लोंबत होती. ती बघितली आणि कालचं दृश्य डोळ्यांपुढे आलं. बाबांचा एक हात पद्मजाच्या पायावर होता, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ते क्लिपमधला कागद वर उचलत होते.

"डॉक्टर, या क्लिपमधल्या कागदावर काय लिहिता तुम्ही?"

"कुठलं औषध दिलं आणि किती वाजता. का?"

मी सांगितलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग कोटाच्या खिशातून दोन लहान बाटल्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या.

"ही लिग्नोकेन. बगलेजवळ, हाताच्या नसांशी टोचली की दहा-पंधरा मिनिटांत हात बधिर. पण दोन-तीन तासांत तो जागा होतो. ही ब्युपिवाकेन. चढायला अर्धा तास लावते, पण आठ-दहा तास उतरत नाही. गुणवंतचे चार टाके होते, त्याला पहिली दिली. तुमच्या नणंदेच्या दोन्ही हाडांना प्लेटा बसवायच्या होत्या, तिला दुसरी."

"मग सगळ्यांना दुसरीच का देत नाही?"

"जास्त झाली किंवा चुकून रक्तात गेली तर काळजावर येते. शिवाय चार टाक्यांसाठी दिवसभर हात लुळा कशाला ठेवायचा? भाजलं, आपटलं तरी कळत नाही त्याला."

शेजारून गुणवंत म्हणाला, "म्हणजे माझी श्रद्धा कच्ची नव्हती, औषध कच्चं होतं? काकू, श्रद्धा कमी पडली म्हणून काल मी लातूरला फोन करून आजीची माफी मागितली हो." तो रात्री जवळच्या आपल्या खोलीवर गेला होता, पट्टी बदलायला परत आला होता.

डॉक्टरांनी कुमुदिनीशी दोन वाक्यं बोलून घेतली. तिने मान डोलावली. मग एका कोऱ्या कागदावर त्यांनी ठळक लिहिलं, ब्युपिवाकेन, सकाळी सात पन्नास. तो क्लिपमध्ये अडकवला आणि त्या स्वतः शेजारच्या पडद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

बाबा आठला आले, मागे गर्दी. "आँखें बंद."

ते कुमुदिनीच्या पायांना लवले. थोडे थांबले. उठले तेव्हा चेहरा उजळला होता.

"वाह. पक्की श्रद्धा. अब यह हाथ हमारे आदेश में है. दीया जलने तक इसमें कोई दर्द नहीं."

"बाबाजी," कुमुदिनी कण्हत म्हणाली, "दर्द तो अभी भी है. सुई तो लगी ही नहीं."

लोकांनी डोळे उघडले. बाबा क्षणभर कागदाकडे बघत राहिले, आणि तेच त्यांचं चुकलं, कारण आता सगळ्यांनी त्यांना कागदाकडे बघताना पाहिलं.

"संदेह," बाबा म्हणाले. "इस कमरे में संदेह है, इसलिए..."

"बाबाजी, मेरा भी टाइम बता दो," गुणवंत म्हणाला. "परीक्षा का रिजल्ट कब आएगा? कागज़ कहाँ टाँगूँ?"

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर पडद्यामागून बाहेर आल्या, कागद काढून बाबांपुढे धरला. "बाबाजी, यह दवा कितने घंटे रहती है, यह आपको किस थिएटर में सिखाया गया?"

"मेरठ में..." बाबा बोलून गेले. ते पूर्वी तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस होते हे आम्हाला नंतर समजलं. त्या वेळी ते सफारीची कॉलर नीट करत गर्दीतून वाट काढत निघून गेले. या वेळी त्यांच्या पायांना कुणीच हात लावला नाही.

पद्मजा त्या कागदाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. दुखरा हात डॉक्टरांपुढे केला.

सर्जननी दोरा कापला, प्लास्टर उभं चिरलं. अर्ध्या तासात बोटांचा रंग बदलला. तिने अंगठा हलवला, मग तर्जनी. गोळी घेतल्यावर ती हळूच म्हणाली, "वहिनी, तो चहा..."

"तो माझा आणि देवाचा हिशेब," मी म्हटलं. "तुझ्या हाडांशी त्याचा काही संबंध नाही."

मी नेम सोडलेला नाही, सोडणारही नाही. देवापुढे बसायचं ते बसावं. पण डॉक्टरांनी सुई टोचली की विचारावं, कुठलं औषध, किती वेळ, उतरायच्या आधी कुठली गोळी घ्यायची. विचारल्याने देव रागावत नाही. आणि जो गोळी फेकायला सांगतो, सुजलेल्या हाताला पुण्य म्हणतो, आपल्या दुखण्याचं खापर घरातल्या बाईच्या मोडलेल्या नेमावर फोडतो, त्याला एवढंच विचारावं की तुला हे कळलं कुठून. उत्तर सांगताना तो कुठे बघतो, तिकडे आपणही बघावं.

कुमुदिनीला मग नऊ वाजता खरंच ब्युपिवाकेन दिली. आत नेताना तिने माझा पदर धरला होता. तिचा नवरा गुडगावला कामावर, घरचं दुसरं कुणी नाही. "ताई, उतरेल तेव्हा मी एकटी असेन," ती म्हणाली. मी म्हटलं, "उतरायच्या आधी येते."

डॉक्टरांच्या हिशेबाने सहाच्या सुमारास तिचा हात जागा होणार होता. साडेचारला मी भाजी चिरायची थांबवली, गॅस बंद केला, मुलांकडे बघायला शेजारी सांगून आले. मऊ भात डब्यात भरला, कारण गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते. मग कडी लावून, रिक्षा मिळते का बघत, कोपऱ्याकडे चालू लागले.